वनसान्निध्य आणि आरोग्य : जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्याच्या निमित्ताने



विषय आरोग्याचा आहे; तथापि त्याचा आरंभ दुकानाच्या गादीपासून करणे अधिक सयुक्तिक ठरेल. मंचर, नारायणगाव, जुन्नर, ओतूर, घोडेगाव या पेठांतील व्यापाऱ्याची दिनचर्या सर्वांच्या परिचयाची आहे. सकाळी नऊ-साडेनऊला दुकान उघडते आणि रात्री शटर खाली येईपर्यंत त्याचे चालणे गादी, कपाट आणि गल्ला एवढ्याच त्रिकोणात होते. डोळे ट्यूबलाइटच्या उजेडात, कान फोनवर आणि मन उधारीच्या वहीत. पन्नाशी येते तेव्हा रक्तदाब, साखर, पित्त आणि झोप न येणे ही चार दुखणी बहुधा हातात हात घालूनच घरात शिरतात. विवाहसमारंभात पंगत बसली की पहिल्या घासापूर्वी किती जणांच्या खिशातून गोळ्यांची पाकिटे निघतात, हे पाहिले तरी समाजाच्या प्रकृतीचा अंदाज यावा.

आणि याच पेठांच्या पश्चिमेला, मोटारीने तास-दीड तासाच्या अंतरावर, सह्याद्रीचे सदाहरित व निमसदाहरित अरण्य उभे आहे. भीमाशंकर, आहुपे, दुर्गवाडी, नाणेघाट ही नावे प्रत्येकाने ऐकलेली असतात. परंतु उटी, मनाली आणि अलीकडे थेट स्वित्झर्लंडपर्यंत सहली करून आलेल्या कित्येक कुटुंबांनी आहुप्याची देवराई एकदाही पाहिलेली नाही, ही वस्तुस्थिती आहे. जो माल दारात आहे त्याची किंमत ग्राहकाला नसते, हा बाजाराचा नियम येथेही खरा ठरतो.

अरण्यात काही काळ शांतपणे व्यतीत केल्याने प्रकृतीला लाभ होतो, ही जाणीव पुरातन आहे. तिला आधुनिक काळात व्यवस्थित नाव दिले ते जपानने. सन 1982 मध्ये तेथील शासनाच्या वनखात्याने ‘शिनरिन-योकू’ हा शब्द प्रचारात आणला. त्याचा सरळ अर्थ ‘वनस्नान’. या स्नानात पाणी नाही. अरण्याच्या हवेत, प्रकाशात, गंधात आणि नादात काही तास राहणे एवढेच अभिप्रेत आहे. त्या वेळी हा शब्द बराचसा पर्यटनाच्या प्रचारासाठी होता, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. शास्त्रीय पडताळणी नंतर झाली.

ही पडताळणी करणाऱ्यांत टोकियो येथील निप्पॉन वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. किंग ली यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. सन 2005 मध्ये त्यांनी टोकियोतील मोठ्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या 12 निरोगी पुरुषांना तीन दिवस व दोन रात्रींसाठी नागानो प्रांतातील अरण्यात नेले. ही मंडळी 37 ते 55 या वयोगटातील होती. म्हणजे वयाने आणि बैठ्या कामाने येथील व्यापाऱ्यांसारखीच. त्यांना डोंगर चढायला लावला नाही, व्यायाम दिला नाही. पहिल्या दिवशी दुपारी दोन तास, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तास व दुपारी दोन तास सावकाश फिरणे. प्रत्येक फेरी अवघी अडीच किलोमीटरची. जाण्यापूर्वी व तेथे असताना त्यांच्या रक्ताची तपासणी झाली. शरीरात शिरलेल्या विषाणूंना आणि बिघडलेल्या पेशींना नष्ट करणाऱ्या ज्या ‘नैसर्गिक मारक पेशी’ रक्तात असतात, त्यांची कार्यक्षमता 12 पैकी 11 जणांत वाढली आणि ही वाढ सुमारे 50 टक्के होती. पुढील अभ्यासांत असे दिसले की हा परिणाम घरी परतल्यानंतर सात दिवसांहून अधिक काळ आणि पुरुषांमध्ये तर महिनाभरापर्यंत काही अंशी टिकून राहतो. रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करणाऱ्या 13 स्त्रियांवरही असाच प्रयोग झाला आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, सहल म्हटली की घरातील स्त्रियांना तेथेही स्वयंपाकाची व्यवस्था पाहावी लागते. त्यांच्या वाट्याला ना वन येते ना स्नान.

डॉ. ली यांनी आणखी एक दक्षता घेतली. केवळ सुटी आणि बदल यांमुळे हे घडते काय, हे तपासण्यासाठी त्यांनी अशाच मंडळींना एका शहरात सहलीला नेले. तेथेही चालणे तेवढेच होते. परंतु रक्तातील हा लाभ दिसला नाही. वृक्ष आपल्या संरक्षणासाठी काही सुगंधी द्रव्ये हवेत सोडतात. रशियन शास्त्रज्ञ बोरिस टोकिन यांनी त्यांना ‘फायटनसाइड’ हे नाव दिले होते. हिनोकी नावाच्या जपानी वृक्षाचे तेल शहरातील हॉटेलच्या खोलीत तीन रात्री दरवळत ठेवले असता तेथे झोपणाऱ्यांच्या मारक पेशींतही वाढ आढळली. तेव्हा लाभाचा काही भाग श्वासावाटे होतो, असे मानण्यास आधार आहे.

याखेरीज ताणाची मोजणी झाली. जपानमधील 24 अरण्यांत 280 तरुणांवर केलेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शहरात घालवलेल्या वेळेच्या तुलनेत अरण्यात ‘कॉर्टिसॉल’ या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण, नाडीची गती आणि रक्तदाब हे तिन्ही कमी आढळले. इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांची माहिती घेऊन 2019 साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला : आठवड्यातून एकंदर 120 मिनिटे निसर्गात घालवणारे लोक स्वतःची प्रकृती आणि मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात, आणि हे दोन तास एकाच दिवशी घालवले काय किंवा थोडे थोडे विभागून घालवले काय, फरक पडत नाही. साप्ताहिक सुटीचा एकच दिवस हाती असलेल्या दुकानदाराच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोठा सोयीचा आहे.

मात्र व्यवहारी माणसाने येथे थोडे थांबावे. चार बोटांचा नमुना पाहून संपूर्ण ताग्याची किंमत ठरवणारा व्यापारी फसतो. 12 किंवा 13 माणसांवरील प्रयोग हा नमुनाच आहे. शिवाय अरण्यात नेलेल्या माणसाला आपण अरण्यात आहोत हे ठाऊक असतेच, त्यामुळे मनाच्या समजुतीचा भाग वेगळा काढणे कठीण. इंग्लंडच्या पाहणीतही निरोगी माणसेच अधिक बाहेर पडत असतील, ही शक्यता उरते. मारक पेशी वाढल्या म्हणजे कर्करोग टळला, असे कोणत्याही प्रयोगाने दाखवलेले नाही. जपानमधील सूचिपर्णी वृक्षांचे अनुमान हिरडा-जांभळाला जसेच्या तसे चिकटवणेही योग्य नव्हे. म्हणून रक्तदाबाची वा साखरेची गोळी बंद करून कोणी भीमाशंकरला निघाला, तर तो स्वतःची हानी करून घेईल. औषध चालूच ठेवावे आणि त्यास वनाची जोड द्यावी, इतकाच याचा अर्थ.

परंतु मनाच्या विश्रांतीसंबंधीचा भाग त्याहून भक्कम वाटतो, कारण तो प्रत्येकास स्वतः पडताळता येतो. अमेरिकेतील रेचेल व स्टीफन कॅपलन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने मांडले की, मनुष्याचे लक्ष दोन प्रकारचे असते. हिशेब, भाव करणे, गिऱ्हाईक राखणे यांसाठी लागणारे लक्ष जोर लावून एकाग्र करावे लागते आणि ते थकते. पानांची सळसळ, ओढ्याचा खळखळाट, फांदीवरून फांदीवर झेपावणारे शेकरू यांच्याकडे जाणारे लक्ष आपोआप जाते. त्यात श्रम नाहीत आणि तेवढ्या वेळात पहिल्या प्रकारचे लक्ष विसावते. दिवसभर ताग्यांची मोजणी करून रात्री बारापर्यंत डोळ्यांपुढे आकडे नाचत राहतात, त्याचे कारण आणि त्यावरील उपाय या एकाच विवेचनात सापडतो.

शांततेचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. नारायणगावजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण उभी आहे, तिच्यासाठी हा परिसर निवडताना येथे मानवनिर्मित रेडिओ लहरींचा गोंगाट कमी आहे, हा एक महत्त्वाचा विचार होता. ती शांतता कानाला ऐकू येणारी नव्हे, हे खरे. परंतु आकाशाचा अभ्यास करणाऱ्यांना येथील शांततेचे मोल कळले आणि तिच्या कुशीत राहणाऱ्यांना कळले नाही, ही गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जैन परंपरेला वनाचे हे महत्त्व नवीन नाही. भगवान महावीरांना केवलज्ञान झाले ते ऋजुवालिका नदीच्या तीरी शालवृक्षातळी, आणि भगवान नेमिनाथांना गिरनारच्या सहस्राम्रवनात. जुन्नरच्या दक्षिणेस असलेल्या मानमोडी डोंगरातील बौद्ध लेण्यांच्या एका गटाला ‘अंबिका’ हे नाव पडले, ते तेथे उत्तरकाळात कोरलेल्या जैन मूर्तींमुळे. अंबिका ही नेमिनाथांची शासनदेवता आणि आम्रफलांची डहाळी ही तिची खूण. साधना, वृक्ष आणि डोंगर यांचा हा संबंध जुन्नरच्या वेशीपर्यंत असा येऊन पोहोचलेला आहे.

आता प्रत्यक्ष या अरण्याविषयी. आंबेगाव, खेड आणि पलीकडे कोकणाच्या बाजूस पसरलेले भीमाशंकर अभयारण्य 1985 साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 131 चौरस किलोमीटर असून महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या शेकरूचे रक्षण हा त्यामागील मुख्य हेतू होता. मंचरकडे पाऊस बेताचा. पश्चिमेच्या कड्यावर त्याच्या कित्येक पट. त्यामुळे अवघ्या साठ-पासष्ट किलोमीटरच्या प्रवासात उसाच्या व कांद्याच्या शेतांपासून माणूस अंजन, जांभूळ, हिरडा, आंबा आणि उंबर यांच्या दाट छायेत येऊन पोहोचतो. पहाटे शीळकरी कस्तुराची शीळ ऐकली तर ती एखाद्या मुलाने निवांत चालताना घातली असावी, असेच वाटते. भर पावसाळ्यात येथील कुजलेल्या लाकडावर अंधारात मंद प्रकाशणारी बुरशी उगवते आणि कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदा फुलून डोंगर जांभळा करते.

परंतु वनस्नानासाठी सर्वांत उचित स्थान म्हणजे देवराई. देवाच्या नावाने राखलेली ही रानाची तुकडी. जेथून काडीही उचलायची नाही, असा पूर्वापार दंडक. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व विद्वानांपुढे आणले. आंबेगाव तालुक्यात आहुपे येथील आणि जुन्नर तालुक्यात दुर्गवाडीच्या दुर्गादेवी मंदिराभोवतीची देवराई पाहिली म्हणजे, कुऱ्हाड न लागलेले रान कसे असते, याची कल्पना येते. बाहेर ऊन रणरणत असताना आत पाऊल टाकताच अंगाला गारवा जाणवतो, आवाज मऊ होतो आणि बोलणारा माणूस आपोआप खालच्या सुरात बोलू लागतो. कोणतीही पाटी न लावता हे घडते.

हे रान राखले कोणी? शासनाचे अभयारण्य अलीकडचे. त्यापूर्वी अनेक पिढ्या ते राखले तेथील महादेव कोळी आदिवासी समाजाने. व्यापारी वर्गाचा आणि या समाजाचा संबंध तसा जुना आहे; चैत्र-वैशाखात वेचून वाळवलेला बाळहिरडा पोत्यांतून पेठेत उतरतो, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. घरोघरच्या बाळगुटीत उगाळला जाणारा हिरडा याच डोंगरांतला. म्हणजे या अरण्याने व्यापाऱ्याच्या मुलांचे पोटही राखले आणि गल्लाही. 3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची असंख्य झाडे उन्मळून पडली. ज्या कुटुंबांची वर्षाची रोकड त्या झाडांवर अवलंबून होती, त्यांना ती हानी पिकाच्या हानीहून मोठी वाटली असल्यास नवल नाही. शेत पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते, हिरडा पेरता येत नाही.

याच तालुक्यात 30 जुलै 2014 च्या पहाटे माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि सुमारे 150 माणसे दगावली. अतिवृष्टी हे तात्कालिक कारण खरे. परंतु डोंगर-उतारावरील झाडी आणि जमिनीचे सपाटीकरण यांची चर्चा त्या वेळी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. वनाचे आरोग्य आणि मनुष्याचे आरोग्य हे दोन वेगळे विषय नाहीत, हे पुस्तकातून समजण्याची गरज आंबेगावकरांना उरलेली नाही. शहरातून दोन तासांच्या विश्रांतीसाठी येणाऱ्याने हे विस्मरणात जाऊ देऊ नये की, ज्या उतारावर त्याला प्रसन्न वाटते त्याच उतारावर कोणाचे तरी घर आहे.

म्हणूनच वनस्नानाच्या नावाखाली जत्रा भरवणे हा अपराध मानला पाहिजे. अलीकडे मे अखेरीस काजवे पाहण्यासाठी सह्याद्रीत मोटारींच्या रांगा लागतात. दिव्यांच्या झोतात काजवे दिसत नाहीत आणि त्यांचे मीलनही बिघडते. माकडांना फरसाण घालण्यात भूतदया नाही. त्याने ती आजारी होतात आणि माणसांवर धावून येतात. डोंगरात लाउडस्पीकर लावून भक्तिगीते वाजवली तरी तो गोंगाटच. शे-दीडशे जणांच्या बसगाड्या नेण्यापेक्षा आठ-दहा जणांनी जावे, सोबत स्थानिक वाटाड्या घ्यावा, त्याला त्याचे मानधन घासाघीस न करता द्यावे आणि जेवण गावातीलच एखाद्या घरी आधी कळवून, जैन पद्धतीचे व सूर्यास्तापूर्वी, करवून घ्यावे. नाचणीची भाकरी आणि रानभाजी पचायला हलकी, आणि चार पैसेही तेथेच राहतात.

बिबट्याचे भय अनेकांच्या मनात असते आणि ते निराधार नाही. जुन्नर वन विभागाच्या हद्दीत 2025 च्या उत्तरार्धातही बिबट्याच्या हल्ल्यात माणसे, त्यांत बालकेही, दगावली. तथापि या परिसरातील बिबट्या प्रामुख्याने धरणे व कालव्यांमुळे वाढलेल्या उसाच्या आश्रयाने राहतो. डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने दाखवले आहे की, पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्याने संघर्ष मिटत नाही, उलट वाढू शकतो. अर्थ असा की, पहाटेच्या अंधारात उसाच्या कडेने कालव्यावर एकट्याने फिरायला जाणे, ज्याला पुष्कळ मंडळी आरोग्याचा मार्ग समजतात, तेच अधिक धोक्याचे. अरण्यातही उजेड असतानाच जावे, मुलांना हाताशी ठेवावे आणि संध्याकाळ होण्यापूर्वी परतावे.

वस्त्रांविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. जीन्स आणि चकचकीत सिंथेटिक टी-शर्ट घालून घामाघूम होण्यात अर्थ नाही. पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा आणि पायजमा, तोही फिकट रंगाचा, हे उत्तम. अंगावर चढलेली गोचीड फिकट कापडावर चटकन दिसते, ती न चिरडता दूर करता येते. चपलेऐवजी मोजे व बूट असावेत. अत्तर लावू नये, नाहीतर रानाचा गंध कळायचाच नाही. फोन बंद करून पिशवीत ठेवावा. दोन तासांत कोणतेही दुकान बुडत नाही.

काळाच्या दृष्टीने ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने निर्धोक. जुलै-ऑगस्टमध्ये रान सर्वाधिक सुंदर असते, परंतु धुके, दरडी आणि निसरड्या वाटा यांमुळे साठी ओलांडलेल्यांनी मोह टाळावा. श्रावणातील सोमवार व महाशिवरात्र या दिवशी भीमाशंकरला दर्शनार्थींची अपार गर्दी असते. त्या दिवशी वनस्नान घडणे शक्य नाही. पहिल्या अर्ध्या तासात काहीच वाटत नाही, कंटाळाही येतो. ज्यांनी सामायिक केले आहे त्यांना हा अनुभव अपरिचित नसावा. त्यानंतर एखाद्या झाडापाशी वीस-पंचवीस मिनिटे नुसते बसावे, डोळे मिटून कोणकोणते आवाज येतात ते मोजावे, मग पुन्हा सावकाश चालावे.

ज्यांना एवढा प्रवास झेपत नाही, त्यांनी शिवनेरीच्या पायथ्याच्या झाडीत सकाळी ऊन पडल्यावर तासभर बसावे. आणि ज्यांचे गुडघे घराचा उंबराही ओलांडू देत नाहीत, त्यांच्यासाठी 1984 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील एक अभ्यास आहे. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली. घरातील वृद्धांची खाट बहुतेक ठिकाणी टीव्हीच्या सोयीने मांडलेली असते. ती उचलून परसातील आंबा वा कडुनिंब दिसेल अशा खिडकीशी ठेवायला दोन माणसे आणि पाच मिनिटे पुरतात.